भरतीच्या पाण्याला वाट

ठाणे शहरापासून दक्षिणेला मुंबई बंदरापर्यंत सुमारे 26 किलोमीटर पसरलेल्या ठाणे खाडीला दोन्ही बाजूंनी कारखान्यांनी वेढले आहे. पश्चिम काठावर मुलुंड, भांडुप, विक्रोळी, देवनार, ट्रॉम्बे, माहुल, शिवडी. पूर्व काठावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर. तेलशुद्धीकरण कारखाने, खतकारखाना, औष्णिक वीजकेंद्र, अणुसंशोधन केंद्र, रसायने आणि औषधे बनवणारे शेकडो लहानमोठे कारखाने, जुनी जहाजे तोडण्याचे धक्के आणि मुंबईचा कचरा डेपो हे सगळे या एका खाडीच्या काठावर नांदते. याच खाडीचा ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यानचा 1690.5 हेक्टरचा भाग 6 ऑगस्ट 2015 रोजी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे त्याचे सरकारी नाव. मराठीत या पक्ष्याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. 2022 मध्ये अभयारण्य आणि त्याभोवतीचा संवेदनशील पट्टा मिळून सुमारे 6521 हेक्टर क्षेत्र रामसर यादीत गेले. इराणमधल्या रामसर या गावी 1971 मध्ये झालेल्या करारानुसार जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी ठेवली जाते. महाराष्ट्रातली त्याआधीची दोन स्थळे म्हणजे गोदावरीवरचे नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारचे सरोवर. तिसरे स्थळ मात्र महानगराच्या सांडपाण्यात पाय रोवून उभे आहे.

पाणथळ म्हटले की तळे डोळ्यांसमोर येते. खाडीची पाणथळ तशी नसते. दिवसातून दोनदा ती समुद्र असते आणि दोनदा जमीन. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरपेक्षाही जास्त चढते-उतरते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे कोळी ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, हा फरक बराच कमी होतो. या चढउतारातून काठाचे तीन थर तयार होतात. सर्वांत खाली ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदाने. त्यांच्या वर, अर्ध्या भरतीपासून उधाणाच्या रेषेपर्यंत, खारफुटीचे जंगल. आणि त्याहून वर, फक्त मोठ्या उधाणाला ओली होणारी खाजणे आणि मिठागरे. तिन्ही थर एकमेकांवर अवलंबून असतात, आणि पुढे आलेल्या जवळजवळ सगळ्या अडचणी यांपैकी एकाच थराचा विचार केल्यामुळे आल्या आहेत.

चिखलाचे मैदान दिसायला ओसाड असते. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म शैवालांचा पातळ, निसरडा थर असतो. खाली किडे, शिंपले, खुबे, लहान खेकडे. निवटी हा मासा तर ओहोटीत पाण्याबाहेर येऊन कल्ल्यांजवळच्या परांवर सरपटत या शैवालावर चरतो. उथळ पाण्यात शेकाट्या आणि उचाट्या, थोड्या खोल पाण्यात लांब चोचीचा पाणटिवळा, अगदी कडेला चिखल्या आणि टिलवे, असे पक्षी चोचीच्या लांबीप्रमाणे आपापली जागा वाटून घेतात. यांतले बरेचसे मध्य आशियातून आणि सैबेरियातून हिवाळ्यापुरते आलेले असतात. खारफुटीत तिवर सर्वांत जास्त, कारण मीठ आणि घाण दोन्ही सोसण्याची त्याची ताकद मोठी. त्याशिवाय कांदळ, चिप्पी, हुरी, काजळा, काटेरी मारांडी. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारख्या वर आलेल्या मुळ्या हवेतून प्राणवायू घेतात. त्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी किंवा राडारोड्याने झाकल्या गेल्या की झाड गुदमरते. याच जंगलात, लोकलच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, सोनेरी कोल्हे राहतात. विक्रोळी-भांडुपच्या पट्ट्यात रात्री त्यांची कोल्हेकुई ऐकू येते, हे मुंबईतल्याच अनेकांना खरे वाटत नाही.

माणसाचा हात या काठाला कारखान्यांच्या फार आधी लागला. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी ठाणे, तेव्हाचे श्रीस्थानक, याच खाडीच्या टोकाला होती. नवव्या ते तेराव्या शतकातल्या त्यांच्या ताम्रपटांत हे राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. हे तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर. सातवाहनकाळातली मोठी बाजारपेठ. समुद्राशी काही संबंध नसलेल्या मराठवाड्यातल्या गावाचे नाव या खाडीकाठच्या राजांच्या बिरुदात असे टिकून राहिले. पुढे खाजणांना बांध घालून भातशेती आणि मिठागरे आली. खारभूमीच्या बांधात पाण्यासाठी एक झडप ठेवलेली असते, तिला कोकणात उघाडी म्हणतात: ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडायचे, भरतीला बाहेरचे पाणी अडवायचे. मिठागरात त्याच्या उलट, उधाणाचे पाणी आत घ्यायचे. ही व्यवस्था साधी होती, पण तिच्यात पाण्याची वाट माणसाला ठाऊक असे आणि कोणी तरी रोज ती बघत असे.

1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती खाडीवरच्या पुलावरून कल्याणकडे गेली. 1927 पासून मुंबईचा कचरा देवनारच्या खाजणात पडू लागला. स्वातंत्र्यानंतर ट्रॉम्बे-माहुलच्या काठावर 1954-55 मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, 1956 मध्ये ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली, मग खतकारखाना आला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पूर्व काठावर ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक पट्टा आखला गेला. 1970 मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ, 1973 मध्ये वाशीचा पहिला पूल, आणि त्यामागोमाग नवी मुंबई.

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखालचा आहे. तिथे शहर वसवण्यासाठी हॉलंडमधल्या पद्धतीचा आधार घेतला गेला: काठाने बांध, आत धारण तलाव, आणि बांधात ओहोटीला आपोआप उघडणाऱ्या झडपा. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत जाते. ही एका अर्थाने मोठ्या प्रमाणावरची उघाडीच. झडपा गंजल्या, अडकल्या तसे खाडीचे पाणी आणि गाळ तलावांत शिरू लागला, आणि गाळावर तिवर उगवले. आता गाळ काढायचा तर खारफुटी तोडावी लागते आणि ती तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. न काढावा तर वसाहतींत पाणी शिरण्याची भीती. अभियंते आणि पर्यावरणवाले यांच्यातला हा वाद पावसाळ्यापूर्वी दरवर्षी निघतो आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते.

या सगळ्या बांधकामाचा खाडीवर झालेला परिणाम केवळ घाणीचा नव्हता. ठाण्याच्या बाजूला खाडी चिंचोळी होत जाते आणि उल्हास नदीला जोडणारा तिचा मार्ग अरुंद आहे, त्यामुळे वरच्या टोकाचे पाणी फारसे धुऊन निघत नाही. पुलांचे खांब, भराव आणि बांध यांनी प्रवाह आणखी मंदावला आणि गाळ बसू लागला. कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातू चिखलाच्या कणांना चिकटून तळाशी साठले. शहराच्या मैल्यातून नत्र आणि स्फुरद येत राहिले. मैल्याच्या कुजण्यात पाण्यातला प्राणवायू खर्च होऊ लागला आणि मासे कमी झाले. दिवा, ऐरोली, घणसोली, वाशीच्या कोळ्यांना हे आकडेवारीशिवाय कळले. बोई, शिंगाळा, कोलंबी, चिंबोऱ्या ज्या जागी मिळत त्या जागी पागात चिखल आणि प्लास्टिक येऊ लागले.

आणि नेमक्या याच काळात रोहित पक्षी आले. 1990च्या दशकात शिवडीच्या धक्क्यासमोरच्या चिखलात त्यांचे मोठे थवे दिसू लागले, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) 2019च्या गणनेत खाडी परिसरातली त्यांची संख्या लाखाच्या वर भरली. येणाऱ्यांत दोन जाती आहेत. मोठा रोहित उंच, फिकट पांढरा-गुलाबी. छोटा रोहित बुटका, गडद गुलाबी, आणि जगात संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत मोडणारा. थव्यांत छोट्याचीच संख्या फार मोठी असते. दोघेही डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतात आणि जिभेच्या दट्ट्याने पाणी चोचीतल्या बारीक पट्ट्यांच्या चाळणीतून ढकलतात. मोठ्या रोहिताच्या चाळणीत लहान झिंगे आणि किडे अडकतात. छोट्याची चाळणी इतकी बारीक की त्याला नीलहरित शैवालही गाळून घेता येते. त्याचा गुलाबी रंग याच अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. हे पक्षी वीण इथे करत नाहीत. कच्छच्या रणात त्यांची चिखलाची घरटी असतात. नोव्हेंबरच्या सुमारास ते खाडीत येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

ते इथेच का जमले, याचे सर्वमान्य होत आलेले स्पष्टीकरण फारसे सुखावणारे नाही. मैल्यातले नत्र-स्फुरद आणि उथळ, कोमट, गाळाने भरत चाललेले पाणी यांत शैवाल भरपूर वाढते, आणि शैवाल हेच छोट्या रोहिताचे जेवण. म्हणजे ज्या घाणीने बोई आणि कोलंबी हटली, तिच्यावरच रोहितांची पंगत बसली. म्हणून गुलाबी थव्यांचे छायाचित्र दाखवून खाडी निरोगी झाली असे म्हणणे चुकीचे ठरते. उलट, उद्या सगळे सांडपाणी नीट शुद्ध झाले तर रोहित कमी होतील, आणि तसे झाले तर ते अपयश मानायचे की यश, हे आधीच ठरवलेले बरे. खाडीच्या प्रकृतीची नाडी रोहितापेक्षा निवटी आणि चिंबोरीच्या हाती जास्त आहे.

रोहितांनी एक काम मात्र चोख केले: त्यांच्यामुळे लोकांचे लक्ष चिखलाकडे गेले. खारफुटीचे रक्षण त्याआधीच सुरू झाले होते. 1991च्या किनारी नियमन अधिसूचनेत खारफुटी ही बांधकामास बंदी असलेल्या वर्गात आली. तरीही तोड आणि भराव चालूच राहिल्यावर बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी राज्यभर खारफुटी तोडण्यावर बंदी घातली, तिच्याभोवती 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम थांबवले आणि राडारोडा टाकण्यास मनाई केली. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि नष्ट झालेली खारफुटी पुन्हा उभी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. दरम्यान 2012 मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष स्थापन झाला, सरकारी जमिनीवरची खारफुटी राखीव वन म्हणून त्याच्या ताब्यात येऊ लागली, आणि ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभे राहिले. 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष ठरली.

खाजगी मालकीचा एक जुना अपवाद विक्रोळीला आहे. 1940च्या दशकात पिरोजशा गोदरेज यांनी कारखान्यासाठी घेतलेल्या विस्तीर्ण जमिनीचा खाडीकडचा भाग खारफुटीचा होता. त्यावर भराव घालण्याऐवजी तो तसाच ठेवला गेला आणि 1985 मध्ये तिथे सूनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नावाने सागरी परिसंस्थेच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. रोपवाटिका, लागवड, पहारा आणि शाळांच्या सहली असे त्याचे काम चालते. मुंबईच्या कारखानदारीच्या काठावर खारफुटीचा एवढा मोठा सलग पट्टा उरला, याचे बरेचसे श्रेय एका कारखानदाराने जमीन न वापरण्याला जाते.

कायद्याने तोड थांबते. गेलेली पाणथळ त्याने परत येत नाही. पुनरुज्जीवन म्हटले की पहिली कल्पना रोपे लावण्याची येते. ती छायाचित्रासाठी चांगली, मोजायला सोपी, आणि पुष्कळदा निरुपयोगी असते. तिवराची फळे पावसाळ्यात झाडावरच अंकुरून पाण्यात पडतात. कांदळाच्या लांब शेंगा तर झाडावर लोंबत असतानाच रोप झालेल्या असतात. भरती त्या सगळ्या खाडीभर फुकट वाटत फिरते. एखाद्या उघड्या जागेवर तरीही खारफुटी येत नसेल तर कारण बियांचा तुटवडा हे क्वचितच असते. बहुतेक वेळा तिथे पाणी पोचत नाही, किंवा पोचलेले बाहेर पडत नाही. पाणी न पोचलेल्या जमिनीत बाष्पीभवनाने मीठ साचत जाते आणि समुद्रापेक्षा खारट मातीत तिवरही टिकत नाही. पाणी कोंडून राहिले तर मुळे सडतात. दोन्ही ठिकाणी हजारो रोपे लावली तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काटक्या उरतात.

त्यामुळे काम सुरू होते ते पातळी मोजण्यापासून. जमीन भरतीच्या कोणत्या रेषेवर आहे, पूर्वीचे नाळे कुठून जात, कोणत्या रस्त्याने वा बांधाने ते बुजले, हे पाहावे लागते. मग राडारोडा उचलणे, बांधाला खिंड पाडणे, रस्त्याखाली पुरेशा रुंदीच्या मोऱ्या घालणे, आणि आत पाणी पसरण्यासाठी चर खणणे. माशाच्या काट्यासारखा एक मुख्य चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे उपचर, ही रचना तामिळनाडूत पिचावरमच्या खारफुटीत एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने वापरून दाखवली आणि नंतर इतरत्र गेली. चर नीट पडले की पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत रोपे आपोआप दिसू लागतात. हाताने लावायची ती फक्त जिथे बी पोचत नाही तिथे, किंवा तिवराखेरीज दुसऱ्या जाती आणायच्या असतील तर.

ठाणे खाडीत याला एक वेगळी गुंतागुंत आहे. गाळ भरत चालल्याने खारफुटी काही ठिकाणी स्वतःहून चिखलाच्या मैदानांवर पुढे सरकत आहे. झाड लावणे म्हणजे पुण्य या समजुतीने अशा उघड्या चिखलात रोपे लावली, तर पाणटिवळ्याचे आणि रोहिताचे ताट उचलून नेल्यासारखे होते. या पक्ष्यांना उघडे आकाश आणि मोकळा चिखल लागतो. झाडांच्या दाटीत ते उतरत नाहीत. खारफुटी वाचवावी, पण तिची जागा तिवराच्या रेषेत; चिखल हा ओसाड पडलेला भूखंड नव्हे. सरकारी कागदांत हेक्टरी रोपांची संख्या असते, मोकळ्या चिखलाचे क्षेत्र मोजायला रकाना नसतो.

तिसरा थर, म्हणजे उधाणरेषेवरच्या उथळ तळ्यांचा, सर्वांत दुर्लक्षित. ओहोटीला पक्षी चिखलात चरतात. भरतीला चिखल बुडतो तेव्हा त्यांना काही तास उभे राहायला उथळ, शांत पाणी लागते. भांडुपची तळी, नेरूळ-सीवूड्सचे डीपीएस तलाव, टीएस चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय संकुल यांच्याजवळच्या पाणथळी, उरणजवळचे पाणजे ही अशी विसाव्याची ठिकाणे. बीएनएचएसने 2022 मध्ये सहा रोहितांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली. खाडी आणि ही तळी यांच्यात भरतीच्या घड्याळाबरहुकूम चालणारी त्यांची ये-जा, आणि मोसम संपल्यावर गुजरातकडे जाणे, त्यातून नोंदले गेले. खाडी अभयारण्यात आणि तळी बहुतांशी बाहेर, अशी स्थिती असल्याने पक्ष्याचे जेवणघर सुरक्षित आणि झोपण्याची जागा नाही, असे चमत्कारिक चित्र उभे राहिले. मिठागरे तर 2017च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतूनच वगळलेली आहेत.

नेरूळच्या डीपीएस तलावाची कहाणी या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. सुमारे 30 एकरांचे हे तळे शेजारच्या शाळेच्या नावाने ओळखले जाते. भरतीचे पाणी नाळ्यातून आत येई, ओहोटीला जाई, आणि तळ्यात पायाच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी राही. जवळच्या नव्या जेट्टीच्या रस्त्याच्या कामात पाण्याची मुख्य वाट बुजली आणि उरलेले नळ गाळाने भरले. तळे आटू लागले, उरलेल्या पाण्यावर शेवाळाचा थर चढला. 2024 च्या उन्हाळ्यात रोहित तिथे उतरेनासे झाले. परिसरात भरकटलेले, जखमी आणि मेलेले पक्षी सापडले. रहिवाशांनी आवाज उठवल्यावर सरकारने समिती नेमली. समितीपुढचा मूळ प्रश्न काही मीटर रुंदीच्या नाळ्याचा होता: एक बाजू भरतीला खुली करायची की नाही. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. जवळच्याच एनआरआय पाणथळीवर गोल्फ मैदान आणि इमारतींची योजना होती. ती 2018 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

तळ्यात पाणी सोडले की झाले, असेही नाही. पाणी घोटाभर असेल तर टिलवे आणि शेकाट्या येतात, मांडीभर झाले तर फक्त रोहित आणि बदके. म्हणून तळ्यांना आत येणाऱ्या पाण्याइतकीच बाहेर जाणाऱ्या पाण्याची सोय लागते, आणि पातळी कमी-जास्त करता येईल अशी झडप लागते. शिवाय ती झडप सांभाळणारा माणूस. मिठागराचा जुना कामगार हे काम भरतीचे कोष्टक तोंडपाठ ठेवून करत असे.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला. तिथली सुमारे 15,100 एकर मिठागरे 2003 मध्ये सरकारने मीठ कंपनीकडून घेतली आणि एकेक करून बांध फोडून भरती आत घ्यायला सुरुवात केली. पण सगळी मिठागरे खाजणात बदलायची नाहीत, काही उथळ तळी म्हणून राखायची, असे ठरले, कारण हिवाळी पाणपक्षी आता त्यांच्यावर अवलंबून होते. जुन्या खाणींतून आलेला पारा तिथल्या गाळात आहे. बांध घाईने फोडला तर तो ढवळून अन्नसाखळीत जाईल म्हणून दर टप्प्यावर मासे आणि पक्ष्यांची अंडी तपासली गेली. इंग्लंडमध्ये टीस नदीच्या मुखाशी, रसायने आणि पोलादाच्या कारखान्यांच्या सावलीत, 2009 मध्ये सॉल्टहोम हे पक्ष्यांसाठीचे राखीव क्षेत्र सुरू झाले. नदी स्वच्छ झाल्यावर तिच्या मुखाशी सील पुन्हा वीण करू लागले होते. ठाणे खाडीच्या गाळातही धातू आहेत. चर खणताना किंवा गाळ काढताना तो कुठे टाकायचा हा म्हणूनच केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही, आणि कधी कधी गाळ हलवण्यापेक्षा जागीच राहू देणे शहाणपणाचे ठरते.

वरून येणारी घाण थांबली नाही तर खालची सगळी डागडुजी वाया जाते. नवी मुंबईने मलनिस्सारणावर बऱ्यापैकी खर्च केला आहे आणि औद्योगिक पट्ट्यासाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. मुंबईच्या बाजूने नाल्यांतून येणारा मैला आणि कचरा मात्र भरतीबरोबर वर-खाली होत राहतो. नाल्यांच्या तोंडाशी तरंगत्या जाळ्या लावून प्लास्टिक अडवले तर खारफुटीच्या मुळांत अडकणारा कचरा बराच कमी होतो. मुळांतून तो हाताने काढणे हे फार कष्टाचे आणि रोपे तुडवणारे काम आहे.

दरम्यान खाडीवरून नवे रस्ते जात आहेत. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्या चिखलावरूनच सुरू होतो. तिथे आवाज अडवणारे कठडे बसवले आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन अभयारण्याला हात न लावता 21 किलोमीटरच्या बोगद्यातून जाणार असून त्यातले 7 किलोमीटर खाडीच्या खाली आहेत. आकाशाला मात्र बोगदा नाही. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि सुमारे 40 पक्षी मेले. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर, विसाव्याची तळी नक्की कुठे हवीत आणि पक्षी कोणत्या वाटेने उडतात, हा विषय वनविभागापुरता उरला नाही. तळी बुजवली तर पक्षी नाहीसे होतात असे समजणे भाबडेपणाचे आहे. ते दुसरी जागा शोधत विमानांच्या वाटेत येतात.

कोळ्यांसाठी या सगळ्याचा हिशेब वेगळा आहे. अभयारण्य झाल्यावर मासेमारी बंद होईल ही त्यांची पहिली भीती होती. पारंपरिक मासेमारी चालू ठेवण्याच्या आश्वासनावर ती थोडी शमली. 2017 पासूनच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेत किनाऱ्यावरच्या गावांतून खेकडापालन, कालवांची शेती, पर्यटकांना नावेतून फिरवणे असे गट उभे राहिले. ऐरोली आणि भांडुपहून सुटणाऱ्या नावांचे वेळापत्रक शनिवार-रविवारवर कमी आणि भरतीवर जास्त चालते. ओहोटीत नाव चिखलात रुतते, पूर्ण भरतीत पक्षी दूर जातात, म्हणून पाणी अर्धे चढलेले असताना निघावे लागते. नावेवरचा माणूस पर्यटकांना गुलाबी थवा दाखवतो, आणि परतताना काठाच्या चिखलात निवट्यांची बिळे किती आहेत हे स्वतःच्या मनाशी मोजतो.